हरवलेले घोडे

‘गाडीचा पिकअप वाढवायचाय, काय बसवू?’ असं विचारणारा माणूस बहुतेक वेळा काय बसवायचं ते ठरवूनच आलेला असतो. कुणाच्या तरी बॉनेटखाली त्याने लाल, निमुळता एअर फिल्टर पाहिलेला असतो, नाहीतर जाड तोंडाचा सायलेन्सर त्याच्या मनात भरलेला असतो. आपल्याकडून त्याला फक्त होकार हवा असतो. अशा माणसाला मी उलट विचारतो, गाडी नवी होती तेव्हा पसरणीचा घाट कितव्या गिअरमध्ये चढायची आणि आता कितव्यात चढते? यावर तो जरा थांबतो. गाडी वर्षावर्षाने ढिली होत गेली, तसतसा त्याचा उजवा पायही अधिक खोल दाबायला शिकला. या दोघांच्या समजुतीत काय हरवलं ते त्याच्या ध्यानातच आलेलं नसतं.

गाडीची घरच्या घरी देखभाल आणि इंजिनाची ताकद वाढवणं, असे या पुस्तकाचे दोन विषय मुखपृष्ठावर छापलेले दिसतील. लोकही ते वेगळेच धरतात. देखभाल म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या गळ्यात घालायचं कंटाळवाणं काम आणि ताकद वाढवणं म्हणजे हौस. माझ्या लेखी हा एकच विषय आहे आणि तो देखभालीच्या दारातूनच शिकावा लागतो. कारखान्याने दिलेली ताकद आधी पुरती परत मिळवायची, ती मोजून खात्री करायची, आणि मगच वरची मागायची. हा क्रम ज्याला मान्य नाही त्याने पुस्तक आवर्जून वाचावं, कारण बहुतेक प्रकरणं त्याच्याशी घातलेल्या वादातूनच तयार झाली आहेत.

लहान आकडे घेऊन बघू. पेट्रोल इंजेक्शनवाली मारुती ८००, तीन सिलिंडर, ७९६ सीसी, ३७ अश्वशक्ती. तुंबलेला एअर फिल्टर, झिजलेले प्लग, टायरमध्ये पाच-सहा पीएसआय कमी हवा आणि एका चाकाला किंचित धरून बसलेला ब्रेक. यातलं एकेक कारण क्षुल्लक वाटतं, पण सगळी एकत्र आली की दोन-चार घोडे खाऊन टाकतात. ३७मधले चार म्हणजे नववा हिस्सा. तेवढी वाढ त्याच इंजिनावर काम करून मिळवायची, तर हेड उतरवा, लेथवाल्याकडे खेटे घाला, आणि तरीही हमी नाही. हरवलेले परत आणायला मात्र तीन प्लग, एक कागदी फिल्टर, कॅलिपरच्या पिनांना लावायचं ग्रीस आणि एक रविवार पुरतो.

इंजिन मुळात हवा ओढणारा पंप आहे, हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं निम्मं पुस्तक सोपं जातं. पेट्रोल हवं तेवढं ओतता येतं, अडचण हवेची असते. एक ग्रॅम पेट्रोल पुरतं जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. पूर्ण रेस दिलेली असताना हे प्रमाण १२.५ ते १३च्या आसपास, म्हणजे मिश्रण जरा दाट ठेवलं, तर जास्तीत जास्त ताकद मिळते. त्याहून दाट केलं की धूर आणि पंपावरचं बिल वाढतं, घोडे वाढत नाहीत. म्हणून ताकद वाढवण्याचे मार्ग मोजकेच उरतात. सिलिंडरमध्ये जास्त हवा भरायची, भरलेल्या हवेकडून जास्त काम काढायचं, तेच काम मिनिटाला जास्त वेळा करून घ्यायचं, किंवा वाटेतली घट कमी करायची. दुकानदार जी वस्तू पुढे करतो ती यांपैकी नेमकं काय करते, एवढं त्याला विचारा. उत्तर द्यायचं सोडून तो आवाज ऐकवायला लागला, तर काय ते समजा.

हवेचा हा हिशोब महाबळेश्वरला गेलेल्या प्रत्येकाने अनुभवलेला आहे. सुमारे १,३५० मीटर उंचीवर हवा समुद्रसपाटीपेक्षा जवळपास बारा टक्क्यांनी विरळ असते आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकदही साधारण तेवढीच घटते. पाचगणीला पोचलेला माणूस ‘घाटात गाडी तापली, म्हणून ओढत नाही’ असं म्हणतो. इंजिन ठणठणीत असलं तरी ते होणारच होतं. टर्बोची गाडी हा फटका बराचसा पचवते. जुनी कार्ब्युरेटरवाली मात्र वर गेल्यावर मिळणाऱ्या हवेच्या मानाने जास्त पेट्रोल पिते आणि प्लग काळे करून खाली उतरते.

मोजणीचं एक उदाहरण इथेच सविस्तर देतो, कारण पुस्तकाची सगळी रीत त्यात आली. ‘दम नाही’ अशा तक्रारीची मारुती ८०० समोर आहे. इंजिन चालवून गरम करायचं आणि बंद करायचं. हाताला चटका बसणार नाही इतपत निवलं की तिन्ही प्लग काढून त्याच क्रमाने वर्तमानपत्रावर मांडायचे. टोक फिकट तपकिरी असेल तर त्या सिलिंडरचं बरं चाललं आहे. कोरडी काजळी दिसली तर मिश्रण दाट आहे. ओला, तेलकट थर असेल तर ऑइल वर येतंय. पांढरंफटक, भाजल्यासारखं टोक मिश्रण पातळ असल्याची किंवा उष्णता बेताबाहेर गेल्याची खूण आहे. मग इग्निशन आणि पेट्रोल दोन्हींचा पुरवठा तोडायचा, पहिल्या प्लगच्या भोकात कॉम्प्रेशन गेज हाताने आवळायचा, आणि घरातल्या कुणाला तरी ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारायला सांगायचं. पाच-सहा ठोक्यांत काटा जिथे स्थिरावतो तो आकडा वहीत लिहायचा. मग दुसरा, मग तिसरा.

निरोगी पेट्रोल इंजिनात हा आकडा साधारण १५० ते १८० पीएसआय असतो. आकड्यापेक्षाही सिलिंडरांमधला फरक जास्त बोलका असतो. दहा-पंधरा टक्क्यांपलीकडे फरक गेला की कुठेतरी गळती आहे. समजा पहिल्याचा १६५ आला, दुसऱ्याचा १६० आणि तिसऱ्याचा ११८. इथे बहुतेक जण ‘इंजिन कामाला आलं’ म्हणून हात टेकतात आणि गॅरेजवाला रिंग-पिस्टनचा हिशोब मांडायला घेतो. घाई नको. तिसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा १५०च्या आसपास उसळला तर गळती पिस्टनच्या रिंगांतून आहे, कारण ऑइलने ती फट तेवढ्यापुरती बुजवली. जागचा हलला नाही तर दोष व्हॉल्व्हकडे, किंवा क्वचित हेड गास्केटकडे. आणि दोष व्हॉल्व्हचा ठरला तरी हेडला हात लावण्याआधी वरचं झाकण काढून टॅपेटची फट फीलर गेजने तपासा. या इंजिनाला टॅपेट स्क्रूने जुळवायची सोय आहे. सीट झिजत गेली की व्हॉल्व्ह तिच्यात रुतत जातो, फट कमी होत होत नाहीशी होते, आणि मग व्हॉल्व्ह पुरता मिटतच नाही. एलपीजी किंवा सीएनजीवर पळालेल्या जुन्या गाड्यांत हे फार दिसतं. इंजिन थंड असताना मिलिमीटरच्या दशांशातली ती फट पुन्हा दिली आणि व्हॉल्व्हची कड जळलेली नसली, तर तिसरा सिलिंडर कामाला लागतो. खर्च होतो झाकणाच्या एका गास्केटचा.

एका बाजूला रिंग-पिस्टनचं बिल आणि दुसऱ्या बाजूला हे गास्केट. मधे उभा असतो एक गेज, चमचाभर ऑइल आणि अर्धा तास. घरी काम करण्याचं समर्थन मी पैशांच्या बचतीवर फारसं करत नाही. ते यावर करतो. गॅरेजवाल्याला अर्धा तास परवडत नाही, तुम्हाला परवडतो.

आपल्याकडे हे ज्ञान कमी नाही. लिहिलेलं मात्र कमी आहे. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या फियाटने आणि पुढे पद्मिनीने मुंबईकरांच्या दोन-तीन पिढ्यांना पॉइंट घासायला, प्लगची फट पोस्टकार्डाने अंदाजायला आणि रेडिएटरचं झाकण फडक्याने उघडायला शिकवलं. १,०८९ सीसीचं ते इंजिन इतकं उघडं आणि मोकळंढाकळं होतं की टॅक्सीवाले रस्त्याच्या कडेला अर्धं खोलून बसत. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली आणि तिच्याबरोबर एक शाळाच बंद झाली म्हणा. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आजही नमुना दाखवला की भाग घडवून देणारे कारागीर भेटतात. पुण्याच्या नाना पेठेत कुठल्या बोळात कुठल्या गाडीचं सामान मिळतं, हे दुकानदारांना तोंडपाठ असतं. पण हे सगळं तोंडी. वस्तादाकडून शागिर्दाकडे गेलं तर गेलं, नाहीतर वस्तादाबरोबर संपलं.

वस्तादाच्या कानाबद्दल मला आदर आहे. ‘गाडी मिसिंग मारते’ हे इंजिनाजवळ न जाता सांगणारी माणसं मी पाहिली आहेत. पण कान कार्ब्युरेटरच्या काळात घडला. इंजेक्शनचं इंजिन आपले दोष लपवतं. इनटेकच्या पाइपाला चीर पडून जास्त हवा आत येऊ लागली तर ईसीयू ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून गुपचूप पेट्रोल वाढवतो आणि गाडी सुरळीत चालते. ही लपवाछपवी कानाला कळत नाही. ती ओबीडीच्या सॉकेटमधून वाचता येते, आणि ते सॉकेट बहुधा ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी, स्टिअरिंगखाली असतं. स्वस्तातला ब्लूटूथ ॲडॉप्टर लावून मोबाइलवर लाँग टर्म फ्युएल ट्रिमचा आकडा बघा. शून्याच्या आसपास, फार तर पाच-सात टक्के इकडेतिकडे असेल तर ठीक. अधिक पंधरा दाखवत असेल तर बाहेरची हवा आत शिरतेय, नाहीतर पंप थकलाय, नाहीतर हवा मोजणारा सेन्सर मळलाय. चेक इंजिनचा दिवा लागायला अजून अवकाश असतो, पण इंजिनाची कुरकुर या आकड्यात आधीच नोंदलेली असते. ताकद वाढवायला निघालेल्या माणसाने हा आकडा न बघता पैसे खर्च करणं म्हणजे ताप न मोजता औषध घेणं.

ऑइलबद्दल या पुस्तकात एक अख्खं प्रकरण आहे आणि ते बऱ्याच जणांना रुचणार नाही. आपलं हवामान गरम, म्हणून ऑइल जाड हवं, ही समजूत २०डब्ल्यू-४०च्या जमान्यातली आहे. आजच्या इंजिनांची बेअरिंगं अधिक काटेकोर फटींची असतात आणि व्हॉल्व्हचं टायमिंग मागेपुढे करणारी यंत्रणा ऑइलच्याच दाबावर चालते. कंपनीने ०डब्ल्यू-२० सांगितलं असेल तर तेच घाला. ‘इंजिन मऊ होतं’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांचे पैसे वाचवून ऑइल थोडं लवकर बदला. फरक पडलाच तर त्याने पडेल.

कूलंटकडे तर कुणाचंच लक्ष नसतं. सोलापूर-लातूरकडे बोअरचं जड पाणी रेडिएटरमध्ये ओतण्याची पद्धत मी पुष्कळ पाहिली आहे. पाण्यातले क्षार इंजिनाच्या आत थर धरतात, उष्णता बाहेर पडायला अडखळते, आणि मे महिन्यात हेड गास्केट जातं. पेट्रोलमधल्या उष्णतेपैकी जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा क्रँकवर काम म्हणून मिळतो. बाकीची एक्झॉस्टमधून आणि रेडिएटरमधून बाहेर टाकावी लागते. ताकद वाढवली की ही टाकाऊ उष्णताही वाढते. म्हणून निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर आणि रेडिएटरचं धड झाकण, हीसुद्धा ताकद वाढवण्याचीच तयारी. ते झाकण दाब धरून ठेवतं, त्यामुळे आतलं पाणी शंभर अंशांना उकळत नाही. स्प्रिंग मेलेलं झाकण बदलायला किरकोळ पैसे लागतात, न बदलल्याची किंमत हेडमध्ये मोजावी लागते.

इथे एका नव्या पाहुण्याबद्दल लिहायला हवं. आपल्याच साखर कारखान्यांच्या आसवन्यांतून आलेलं इथेनॉल आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के असतं. इथेनॉलच्या एका लिटरमधली ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांश. त्यामुळे वीस टक्के मिश्रणात लिटरमागची ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी भरते. ॲव्हरेज पडल्याची तक्रार मनाचे खेळ नाहीत. दुसरीकडे इथेनॉलचा ऑक्टेन चढा असतो, ठोका देण्याची खोड त्याला कमी. म्हणजे ज्या इंजिनाचं कॉम्प्रेशन आणि टायमिंग त्यासाठी बेतलेलं आहे, ते यातून फायदा काढू शकतं. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीचं दुखणं निराळं. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असल्याने मिश्रण सात-आठ टक्के पातळ पडतं, आणि पातळ मिश्रणावर इंजिन तापतं. तिथे एक माप मोठा जेट बसवणं ही देखभाल म्हणायची की अपग्रेड, मला खरंच सांगता येणार नाही. रबरी पेट्रोल नळ्या मात्र कडक झाल्या की मऊ पडल्या हे दर पावसाळ्याआधी बोटांनी दाबून बघा. चिकट लागली की बदला. बॉनेटखाली पेट्रोल ठिबकण्याइतकं वाईट काही नाही.

घरी काम करायचं म्हणजे कुठे, हा प्रश्न शहरात सगळ्यांत अवघड. अंगण असलेल्यांचं बरं आहे. सोसायटीत राहणाऱ्याला पाना हातात घेतल्यापासून दहा मिनिटांत सेक्रेटरी भेटायला येतात, आणि फरशीवरचा जो जुना डाग दाखवतात तो आपला नसतो. तरी खाली पत्रा किंवा जाड पुठ्ठा अंथरा, जुनं ऑइल झाकणाच्या कॅनमध्ये भरा आणि ते अधिकृतपणे गोळा करणाऱ्याकडेच द्या. वापरलेलं ऑइल गटारात ओतणं हा गुन्हाही आहे आणि गलिच्छपणाही. गाडीखाली जायचं असेल तर जॅक स्टँड लावल्याशिवाय जाऊ नका. गाडीबरोबर मिळालेला जॅक चाक बदलण्यापुरता असतो. विटांवर गाडी टेकवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, मी तिथून निघून जातो.

आता हौसेकडे येऊ. आपल्या देशात घरगुती ट्यूनिंगची परंपरा दिसते त्याहून मोठी आहे. चेन्नईजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या तेव्हा फियाटची इंजिनं तासून-घासून उतरवली जात. कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८००चं इंजिन घालून एका माणसाच्या शर्यतीच्या गाड्या बनवल्या. त्या ‘फॉर्म्युला मारुती’तून सुरुवात केलेला नारायण कार्तिकेयन २००५ साली भारताचा पहिला फॉर्म्युला वन चालक झाला. भाजी आणायला नेतात त्या गाडीचं इंजिन. पुढे जिप्सी आणि एस्टीमने रॅलीचं मैदान गाजवलं. दोघींचं १,२९८ सीसीचं इंजिन एकाच घराण्याचं होतं, आणि २००५ची पहिली स्विफ्टही त्याच्याच वंशातली. या माणसांकडे महागडे भाग नव्हते. त्यांच्याकडे वही होती, स्टॉपवॉच होतं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची शिस्त होती.

तासून-घासून म्हणजे काय, तेही आकड्यांत बघू. मारुती ८००च्या सिलिंडरचा व्यास ६८.५ मिलिमीटर आणि स्ट्रोक ७२, म्हणजे प्रत्येकाचं आकारमान २६५ सीसी. कॉम्प्रेशन रेशो ८.७ धरला तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा साधारण ३४.५ सीसी. हेडचा एक मिलिमीटर फेस लेथवाल्याने उतरवला की त्यातले सुमारे साडेतीन सीसी कमी होतात आणि रेशो साडेनऊच्या आसपास जातो. कागदावर सुरेख. पण आता ठोक्याची भीती वाढली, टायमिंग नव्याने जुळवायला हवं, हेड खाली आल्यामुळे टायमिंग बेल्टचा हिशोब किंचित सरकला, आणि व्हॉल्व्ह-पिस्टनमधलं अंतर एक मिलिमीटरने घटलं. शिवाय तो मिलिमीटर परत चिकटवता येत नाही. अर्धा मिलिमीटर उतरवून थांबणारा लेथवाला भेटला तर त्याचे पाय धरा.

फिल्टर आणि सायलेन्सर या दोन वस्तूंवर सगळ्यांत जास्त पैसा जातो आणि सगळ्यांत कमी पदरात पडतो, असं माझं स्पष्ट मत आहे. स्वच्छ कागदी फिल्टर साध्या इंजिनाची हवा फारशी अडवत नाही. उघडा फिल्टर बॉनेटखालची तापलेली, विरळ हवा ओढतो आणि मोठा आवाज करतो. आवाज वाढला की पाय आपोआप जास्त दाबला जातो, आणि गाडी पळायला लागली असं वाटतं. मोकळ्या एक्झॉस्टने वरच्या आरपीएमला थोडं मिळतं खरं, पण त्या वेगाला रोजच्या रस्त्यावर किती मिनिटं पोचता? कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून तिथे सरळ पाइप जोडणाऱ्याला या पुस्तकात मदत मिळणार नाही.

ईसीयूचा रिमॅप ही मात्र वेगळी गोष्ट, विशेषतः टर्बो डिझेलमध्ये. फियाटचं १,२४८ सीसीचं मल्टिजेट इंजिन आठवा. ते स्विफ्टमध्ये होतं, इंडिका व्हिस्टामध्ये होतं, आपल्या रांजणगावलाही बनत होतं. कुठे ते ७५ अश्वशक्तीचं, कुठे ९०. सिलिंडर तेच, स्ट्रोक तोच. मुख्य फरक टर्बोचा आणि त्याला जुळवलेल्या सॉफ्टवेअरचा. म्हणजे कारखाना स्वतःच एका इंजिनातून दोन ताकदी काढत होता. अशा इंजिनातून रिमॅपने वीस-पंचवीस टक्के वाढ मिळणं नवलाचं नाही. साध्या, टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनात पाच-सात टक्के मिळाले तरी पुष्कळ. पण ९०च्या गाडीत टर्बो वेगळा होता, हे ७५वाला विसरतो. तोच लहान टर्बो जास्त फिरवला की तो तापतो, क्लच घसरू लागतो, आणि काळ्या धुरात पैसे उडताना मागच्याला दिसतात. चांगला ट्यूनर आधी तुमच्या गाडीचे आकडे मागतो. फक्त मॉडेल विचारून फाइल चढवणाऱ्याला नमस्कार करून परत या.

ब्रेकचं प्रकरण मी मुद्दाम ताकदीच्या प्रकरणांआधी ठेवलं आहे. गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ८०वरून १००ला गेलात की थांबवताना ब्रेकना ५६ टक्के जास्त ऊर्जा पचवावी लागते, १२०ला सव्वादोन पट. ही सगळी उष्णता होऊन डिस्कमध्ये, पॅडमध्ये आणि शेवटी ब्रेक फ्लुइडमध्ये जाते. डॉट ४ फ्लुइड ताजं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो. ते हवेतला ओलावा शोषत राहतं, आणि पुरेसं पाणी मुरल्यावर ही मर्यादा १५५पर्यंत खाली येऊ शकते. कोकणात दोन पावसाळे काढलेली गाडी कुंभार्ली घाट उतरताना पेडल मऊ पडण्याचं कारण अनेकदा हेच असतं. फ्लुइड उकळलं, नळीत वाफ झाली, वाफ दाबली जाते आणि चाकापर्यंत जोर पोचत नाही. दोन वर्षांनी फ्लुइड बदलणं हे मी कुठल्याही रिमॅपच्या वर ठेवतो.

कायद्याबद्दल आडपडदा नको. मोटार वाहन अधिनियम १९८८च्या कलम ५२नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. सीएनजी किट आरटीओकडे नोंदवून बसवता येतं, तो मार्ग खुला आहे. बाकी जे रस्त्यावर चालत नाही ते शर्यतीच्या बंदिस्त ट्रॅकवर चालतं, आणि तिथे गाडी टोचून न्यायची असते. विमा कंपनीला न सांगितलेला बदल अपघाताच्या दिवशी उघडकीला येतो, हेही लक्षात असू द्या. पुस्तकातल्या प्रत्येक बदलापुढे तो रस्त्यासाठी आहे की ट्रॅकसाठी, अशी खूण केली आहे. रस्त्याच्या खुणा कमी दिसतील.

काही कामं या पुस्तकात नाहीतच. कॉमन रेल डिझेलच्या उच्च दाबाच्या नळ्या नाहीत, कारण तिथला दाब १,६०० बार आणि त्याहून वर जातो. बारीक चिरेतून उडालेलं डिझेल कातडीतून आत शिरतं आणि सुई टोचल्याएवढ्या त्या जखमेला तातडीची शस्त्रक्रिया लागू शकते. एअरबॅग नाहीत. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांतल्या नारिंगी केबल नाहीत. स्टिअरिंग रॅक आणि एबीएसचं युनिट यांची लक्षणं ओळखण्यापुरती माहिती दिली आहे, खोलण्याची दिलेली नाही. पहिल्या प्रकरणासाठी पानेसुद्धा लागत नाहीत. एक टॉर्च, एक टायर गेज, गाडीबरोबर मिळालेलं आणि बहुधा अजून प्लास्टिकमध्येच असलेलं मॅन्युअल, आणि एक वही. ओनर्स मॅन्युअल हरवलं असेल तर पान ११वर टायरच्या हवेचं स्टिकर ड्रायव्हरच्या दारात कुठे शोधायचं त्याचं चित्र दिलं आहे.